बहुमताने ठरलेला खुनी

थंडी सरून उन्हाला नुकती धार येऊ लागली होती अशा एका रविवारी, दुपारची जेवणे आटोपून भांडी पालथी घातल्यानंतर, चारमजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील पश्चिमाभिमुख सदनिकेच्या बाहेरच्या खोलीत प्रस्तुत प्रकरण घडले. खोली बेताची होती. तीत एक लांब बाक, दोन खुर्च्या, भिंतीवर टीव्ही आणि दोन मोठ्या खिडक्या होत्या. साऱ्या अनर्थाचे मूळ त्या खिडक्यांत आहे, असे एक पक्ष मानतो. मूळ गृहस्वामीच्या स्वभावात आहे, असे दुसरा पक्ष मानतो. दुसऱ्या पक्षात गृहस्वामीखेरीज सर्व जण मोडतात.

गृहस्वामींना इमारतीत सारे मुद्देसाहेब म्हणत. ते त्यांचे आडनाव नव्हते, तो त्यांचा स्वभाव होता. वजनमापे खात्यात ते निरीक्षक होते. दुसऱ्याच्या तराजूतील खोट काढण्यात उमेदीची वर्षे गेल्यामुळे, जगात तोलून न पाहिलेली कोणतीही गोष्ट खरी नसते, असे त्यांचे ठाम मत बनले होते. घरात लिंबू आले तरी ते तळहातावर झेलून पाहिल्याशिवाय परडीत जात नसे.

अशा या काटेकोर गृहस्थाच्या आयुष्यात एकच सल होता. रहस्यपट पाहताना खुनी कोण ते त्यांना कधीही आधी ओळखता आले नव्हते. एवढ्यावर भागले असते तरी हरकत नव्हती. असे कोट्यवधी लोक सुखाने नांदत आहेत. परंतु त्यांच्या पत्नीला ते नेहमी ओळखता येत असे. ती पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसत असे, आणि दिवसभर लोकांच्या थापा ऐकून तिचा कान इतका तयार झाला होता की, पडद्यावरच्या माणसाने पहिले वाक्य उच्चारताच तिला त्याचा वास येई. मटार सोलता सोलता ती मान वर करी, "हा चष्मेवाला बरं का," एवढे म्हणे आणि कुकर पाहायला आत जाई. मुद्देसाहेब मग चष्मेवाल्याला अटक होईपर्यंत दोन तास एकटेच, मान खाली घालून बसून राहत. अशा स्थितीत संसार करणाऱ्या पुरुषाच्या मनाचा विचार आजवर कोणत्याही विचारवंताने केलेला नाही, ही खेदाची बाब आहे.

म्हणून त्यांनी पण केला होता, की एकदा, आयुष्यात निदान एकदा, आपण तिच्याआधी खुन्याचे नाव घ्यायचे.

त्यासाठी त्यांनी पुष्कळ शोधाअंती एक चित्रपट निवडला होता. निवडीमागे मुद्दे होते. एक, चित्रपट फार जुना आणि कोणाच्या गावीही नसलेला असा होता. तेव्हा तो पत्नीने अथवा तिच्या बहिणीने पाहिलेला असण्याचा संभव नव्हता. दोन, तो परभाषेतला, कृष्णधवल होता आणि त्यातील सर्व पुरुष एकाच जातीची टोपी व एकाच जातीचा लांब कोट घालून वावरत; तेव्हा बोलण्यावरून वा चेहऱ्यावरून ओळखण्याची पत्नीची वहिवाट तेथे चालणार नव्हती. तीन, तो तास-सव्वा तासाचा होता.

"लहान आहे म्हणजे तुला विचार करायला वेळच मिळणार नाही," ते विजयी मुद्रेने म्हणाले.

"आणि तुम्हाला?" पत्नीने विचारले.

"मुद्दा तो नाही."

"बरं," पत्नी म्हणाली. "लावा."

परंतु लावणे सोपे नव्हते. या जातीच्या चित्रपटात उजेडापेक्षा काळोखाचा वाटा मोठा असतो. माणसे दिव्याखाली उभी न राहता दिव्याशेजारी उभी राहतात. शनिवारी दुपारी मुद्देसाहेबांनी चाचणी म्हणून आरंभीचा थोडा भाग लावून पाहिला, तेव्हा पश्चिमेच्या उन्हाने टीव्हीच्या काचेचा आरसा केला आणि खुन्याच्या सावलीऐवजी गंजिफ्रॉकातील मुद्देसाहेबच पडद्यावर सशंक मुद्रेने उभे असलेले दिसले. खोलीत काळोख करणे प्राप्त होते. 'रात्री पाहा की,' असे एखादा सुज्ञ वाचक म्हणेल. रात्री पत्नीला झोप येई, आणि झोपलेल्या प्रतिस्पर्ध्यावर मिळवलेला विजय हा विजयच नव्हे, असे मुद्देसाहेबांचे मत होते.

चित्रपटाविषयी बाहेर ब्र काढायचा नाही, हेही त्यांनी ठरवले होते. कारण या इमारतीत एखाद्या रहस्यपटाचे नाव घेतले की संध्याकाळपर्यंत त्याचा शेवट कोणीतरी शोधून काढून जिन्यात सांगत असे. म्हणून खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना त्यांनी केवळ तात्त्विक स्वरूपाचा प्रश्न विचारला.

"डॉक्टर, समजा, एखाद्या माणसाला भर दुपारी खोलीत अगदी मिट्ट काळोख हवा असेल, तर त्याने काय करावं?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे निरखून पाहिले. "डोकं दुखतं का फार?"

"माझं नव्हे. एखाद्या माणसाचं."

"एखाद्या माणसाला म्हणावं दुखणं अंगावर काढू नको. आणि खिडकीला खाकी कागद लाव. खळीनं."

पहिल्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापक राहत. त्यांना हेडसर म्हणत. जिन्यात गाठ पडताच मुद्देसाहेबांनी तोच प्रश्न त्यांनाही केला. हेडसरांनी चष्मा काढून पुसला. "खाकी कागदातून ऊन झिरपतं. डॉक्टरांनी सांगितलं असेल. दातांपलीकडे त्यांनी सल्ला देऊ नये. गोधडी लावा, दुहेरी." आणि मग आवाज खाली आणून, "डोळ्यांचं आहे ना? आमच्या थोरल्या बंधूंचंही असंच सुरू झालं होतं. उजेड सहन होईना. पुढे महिनाभरच होते."

मुद्देसाहेबांनी रहस्य राखण्यासाठी केवळ एक गूढ उसासा सोडला. हा उसासा त्यांना पुढे फार महाग पडला.

रविवारी जेवण होताच त्यांनी कामाला हात घातला. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा, दोन गोधड्या, पत्नीची काळी शाल, चिकटपट्टीचे भेंडोळे आणि हातोडी घेऊन ते तिवईवर चढले. पुठ्ठा खिडकीपेक्षा चार बोटे कमी भरला. दुसऱ्याच्या मापात इतकी तूट निघाली असती तर मुद्देसाहेबांनी खटला भरला असता. तूट भरून काढण्यासाठी त्यांनी गोधडी ताणली, गोधडीने पडद्याचा दांडा ओढला, आणि दांडा खाली येताना त्यांच्या टकलावर क्षणभर विसावून मग जमिनीवर गेला. शेवटचा खिळा ठोकताना हातोडी खिळ्याऐवजी अंगठ्यावर बसली.

"मेलो!" मुद्देसाहेब ओरडले.

त्यानंतर खोलीत सर्वत्र शांतता आणि काळोख पसरला. आतून पाहता ही मोहीम फत्ते झाली होती. बाहेरून पाहता, भर उन्हात तिसऱ्या मजल्यावरच्या एका घराच्या खिडक्या काळ्या शालीने झाकल्या गेल्या होत्या.

पत्नीने अंगठ्याला ओले फडके बांधले. दोघे बाकावर बसली. चित्रपट सुरू झाला.

बंदराच्या एका गावात, पाऊस पडून गेलेल्या रात्री, विमा एजंट आपल्या कचेरीत मरून पडलेला सापडतो. कचेरी एका जुन्या उंच इमारतीत. त्याच्यावर डूख धरावा अशी माणसे चार: खाणावळ चालवणारी विधवा, कचेरीतला भागीदार, एक लंगडा वैद्य आणि नोकरीवरून काढलेला पोलीस. खिडकीच्या पट्ट्यांची सावली सर्वांच्या तोंडावर पडलेली. मुद्देसाहेबांनी तिरक्या डोळ्याने पत्नीकडे पाहिले. ती गप्प होती. हातात मटार नव्हते. त्यांना आशेचा पहिला किरण दिसला.

आणि बेल वाजली.

पत्नीने दार उघडले. दारात समोरच्या काकू उभ्या होत्या. हातात रुमाल, डोळे ओलावलेले. मागे दातांचे डॉक्टर, त्यांच्या मागे हेडसर, आणि जिन्यात आणखी काही माना.

"वहिनी," काकूंनी पत्नीला घट्ट धरले, "धीर सोडू नका हो. आम्ही आहोत."

"काय झालं?" पत्नी म्हणाली.

"बघा, धक्का बसलाय," काकू मागे वळून म्हणाल्या. "मी ऐकलं ना माझ्या कानांनी. 'मेलो' म्हणाले, आणि मग आवाजच बंद. डॉक्टर म्हणाले डोकं होतं, सर म्हणाले डोळे होते. म्हटलं, आता काय उरलं?"

एवढ्यात आतल्या काळोखातून मुद्देसाहेब हातात रिमोट घेऊन बाहेर आले. बाहेरच्या उजेडाने त्यांचे डोळे मिचमिचले.

"अगं बाई!" काकू म्हणाल्या. "हे तर चालतायत!"

या उद्गारात आनंद होता हे नाकारता येणार नाही. परंतु त्यात किंचित ठपकाही होता, तो मुद्देसाहेबांच्या कानाने अचूक तोलला. कामधाम टाकून, पदर सावरून, गंभीर चेहरा करून जिना चढलेल्या माणसांपुढे धडधाकट उभे राहणे यात काहीतरी असभ्य आहे, अशी जाणीव त्यांना करून देण्यात आली.

"निदान बसा तरी," डॉक्टर त्यांची नाडी पाहत म्हणाले.

"मला काहीही झालेलं नाही! आम्ही चित्रपट पाहत होतो."

"खिडक्या झाकून?" हेडसरांनी विचारले. "कसला चित्रपट?"

या प्रश्नातील संशय मुद्देसाहेबांना असह्य झाला. आपल्या चारित्र्यावर उडालेला तो शिंतोडा धुऊन काढण्यासाठी ते म्हणाले, "आत या. स्वतःच्या डोळ्यांनी पाहा." जी चूक घडायची होती ती येथे घडली. इभ्रत सांभाळण्यासाठी माणूस नेहमी दार उघडतो आणि ते पुन्हा लावणे त्याला जमत नाही.

मंडळी आत आली. आता आलोच आहोत तर बसू, असे काकू म्हणाल्या. नंतर आलेल्यांना, बाकीचे बसले आहेत त्या अर्थी काहीतरी असेल, असे वाटले. काकूंनी येण्यापूर्वी इमारतीतले प्रत्येक दार वाजवले होते, त्यामुळे चौथ्या मजल्यावरची मंडळी सांत्वनाचे चेहरे घेऊन आली आणि चेहरे न बदलताच जमिनीवर बसली. स्वयंपाकघरातली तिवई आली, आंघोळीचा पाट आला.

"पहिल्यापासून लावा," हेडसर म्हणाले. "कथा मधूनच ऐकणं हा कथेचा अपमान आहे."

चित्रपट पहिल्यापासून लागला. विमा एजंट दुसऱ्यांदा मेला.

"रस्ते ओले का?" काकूंनी विचारले.

"वातावरणनिर्मिती," हेडसर म्हणाले.

"मग छत्री का नाही घेतली कोणी?"

"काकू, पाऊस पडून गेलाय," मुद्देसाहेब दात आवळून म्हणाले.

"तोंडावर पट्ट्या कसल्या त्याच्या?"

"खिडकीच्या."

"त्यांनीपण झाकल्यात का खिडक्या?"

हेडसरांनी तळाशी उमटणारी अक्षरे मोठ्याने वाचून दाखवण्याची जबाबदारी कोणी न सांगता उचलली. ती ते वर्गात वाचावी तशी सावकाश वाचत. त्यामुळे विधवेची धमकी ऐकून पोलीस निघून गेल्यावर, जिना उतरल्यावर, रस्ता ओलांडल्यावर ती धमकी खोलीत पुरी होई. दातांच्या डॉक्टरांचे लक्ष निराळीकडे होते. भागीदार हसला की ते चुकचुकत. "वरची दाढ गेलेली आहे. या माणसाला रात्र रात्र झोप लागत नसणार. असा माणूस काहीही करेल."

"अहो, तो नट आहे!"

"दाढ खरी आहे ना?" डॉक्टर म्हणाले.

या गदारोळातही मुद्देसाहेबांची नजर चौकस होती, आणि विधवेची चौकशी चालू असताना ते एकाएकी ताठ बसले. त्यांना काहीतरी दिसले होते. विमा एजंटाच्या इमारतीतला लिफ्टमन! तो बिचारा मान खाली घालून कळ दाबत असे, कोणाशी बोलत नसे, आणि तरी चित्रपट पुन्हा पुन्हा त्याच्यापाशी जात होता. चार संशयितांपैकी प्रत्येक जण त्याच्याच लिफ्टने वर गेला होता. ज्याच्याविषयी कोणी काहीच विचारत नाही त्याला दाखवण्यात फुकट फीत कोण घालवील? मापाचा हिशेब जुळत होता. मुद्देसाहेबांनी पत्नीकडे पाहिले. ती पुढे झुकून पडद्याकडे टक लावून बसली होती आणि अजून एक अक्षर बोलली नव्हती.

आयुष्यभर हुकलेला क्षण समोर उभा होता. त्यांनी घसा खाकरला.

"मुद्दा असा आहे की—"

बेल वाजली.

इमारतीच्या रहिवासी संस्थेचे सचिव आले होते. हे गृहस्थ लोखंडी कपाटे विकत, आणि त्यांच्या बोलण्यालाही एक प्रकारचे कुलूप होते. अंगात ठेवणीतला कोट, हातात घडी केलेला कागद. मुद्देसाहेबांना उभे पाहून ते थबकले.

"म्हणजे तुम्ही आहात?"

"आहे."

"मग या शोकप्रस्तावाचं काय करायचं?" सचिव खिन्नपणे म्हणाले. "काकूंचा निरोप आला तसा लगेच बसून लिहिला. चांगला उतरला होता."

मुद्देसाहेबांनी चित्रपट थांबवला. स्वतःवरील शोकप्रस्ताव वाचण्याचा मोह टाळणारा मनुष्य अद्याप जन्माला यायचा आहे. त्यांनी कागद घेतला आणि दाराच्या उजेडात धरला. 'मनमिळाऊ' हा शब्द वाचून खोलीत कोणीतरी खोकले. पुढच्या ओळीवर मात्र त्यांचा चेहरा लाल झाला.

"उपनिरीक्षक? मी निरीक्षक आहे!"

"घाईत लिहिलं हो."

"उद्या मी खरंच गेलो असतो, तर हा कागद कायमचा राहिला असता! उपनिरीक्षक म्हणून!"

"दुरुस्ती करता येईल," सचिव म्हणाले आणि त्यांनी खोलीवरून नजर फिरवली. कपाळाला आठी पडली. "पण हे काय? एका घरात एवढी माणसं? पूर्वसूचना दिली होती?"

खोलीत कुजबुज झाली. संस्थेचा नियम असा होता की, डझनाहून अधिक माणसे कोणाच्या घरी जमवायची तर सचिवांची आगाऊ परवानगी घ्यावी. हा नियम कडक होता, निःसंदिग्ध होता, त्यातून पळवाट नव्हती. वरच्या मजल्यावरचा गाण्याबजावण्याचा क्लास बंद पाडण्यासाठी तो स्वतः मुद्देसाहेबांनीच रचला होता.

"मी कोणाला बोलावलेलं नाही," मुद्देसाहेब म्हणाले.

"क्लासवाल्या बाईही हेच म्हणाल्या होत्या," सचिव म्हणाले. "तेव्हा तुम्हीच म्हणालात की माणसं बोलावली की आली हा प्रश्न गौण आहे."

"बरोबर आहे त्यांचं," चौथ्या मजल्याच्या मंडळींतून कोणीतरी म्हणाले. त्या क्लासवाल्या बाईच होत्या.

"तर मंडळी, उठावं लागेल," सचिव म्हणाले.

"छे हो!" काकू उसळल्या. "त्या विधवेचं काय झालं ते कळल्याशिवाय मी हलायची नाही."

त्या पेचातून वाट काढली ती हेडसरांनी. नियमात एक अपवाद आहे, ते म्हणाले. संस्थेची सभा असेल तर परवानगी लागत नाही. सभासद हजर आहेत, सचिव हजर आहेत. सभा आहे असे समजावे. सचिव विचारात पडले. सभा म्हटली की विषय हवा, ठराव हवा आणि अध्यक्ष हवा.

"अध्यक्ष घरधनीच," डॉक्टर म्हणाले. टाळ्या पडल्या. काळोखात आपल्याकडे वळलेले ते चेहरे पाहून मुद्देसाहेबांचा ऊर क्षणभर भरून आला. थोरपणा आला की माणूस त्याची किंमत विचारत नाही. त्यांनी पदाचा स्वीकार केला आणि पहिला हुकूम काढला: "सभा चालू असेपर्यंत चित्रपट बंद राहील."

"पहिला विषय, शोकप्रस्ताव," सचिव म्हणाले.

"कोणाचा?"

"मयत आहे ना. पडद्यावर आहे." सचिवांच्या आवाजाला एकदम उभारी आली होती. त्यांनी कागद उलगडला आणि विमा एजंट हा कसा मनमिळाऊ, काटेकोर आणि शेजारधर्माला जागणारा होता ते वाचून दाखवले. त्यात 'वजनमापे' हा शब्दही वाचला गेला, पण कोणी हरकत घेतली नाही. सर्वांनी उभे राहून शांतता पाळली. मुद्देसाहेबही उभे राहिले. स्वतःसाठी लिहिलेले गुण दुसऱ्याच्या नावे जाताना पाहणे, आणि वर त्याच्यासाठी मान लववणे, हा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये.

"दुसरा विषय, खुनी कोण ते ठरवणे. सूचक?"

"विधवा," काकू म्हणाल्या. "एवढा कसला तो काळा चष्मा? नवरा जाऊन वर्ष नाही झालं."

"अनुमोदन," क्लासवाल्या बाई म्हणाल्या.

"दाढेचा भागीदार," डॉक्टर म्हणाले. त्यांना अनुमोदक मिळाला नाही.

मुद्देसाहेब खुर्चीवरून अर्धे उठले. "लिफ्टमन! खुनी लिफ्टमन आहे. मुद्दा असा आहे की—"

"अध्यक्षमहाराज," सचिव नम्रपणे म्हणाले, "अध्यक्षांना मत नसतं. मतं समसमान पडली तरच."

"पण मला तो सापडला आहे!"

"अध्यक्षांना काही सापडतही नाही."

हात वर झाले. खोलीत काळोख असल्यामुळे सचिवांनी दार उघडून ते मोजले. विधवा प्रचंड बहुमताने खुनी ठरली. मुद्देसाहेबांनी पाहिले, पत्नीने हात वर केला नव्हता, कोणाच्याच बाजूने. ती पडद्यावर थिजलेल्या चित्राकडे पाहत होती. त्यात लिफ्टचे जाळीदार दार अर्धवट लागलेले होते.

"माझं भिन्नमत नोंदवा," मुद्देसाहेब म्हणाले. "लिफ्टमन. अध्यक्ष असलो तरी मी सभासद आहे."

"नोंदवता येणार नाही."

"येईल!"

"सगळ्यांसमोर वाद नको. आत बोलू," सचिव म्हणाले.

"ठीक आहे," मुद्देसाहेब गरजले. "सभा तहकूब!"

आणि सचिवांचा कोट धरून ते स्वयंपाकघरात गेले, व त्यांनी दार लोटून घेतले.

तेथे जो वाद झाला तो उच्च प्रतीचा होता. पद आणि व्यक्ती यांतील भेद, भिन्नमताचे स्वरूप, मौनाला मत म्हणावे काय, असे सर्व प्रश्न त्यात आले. मुद्देसाहेब आयुष्यात इतके चांगले कधी बोलले नव्हते. लिफ्टमनने खून कसा केला असावा, का केला असावा, सर्वांना वर नेणारा माणूस सर्वांच्या मनात खाली कसा राहतो, हे त्यांनी ओट्यावर मूठ आपटत मांडले. मधेच बाहेरून व्हायोलिनचा एक लांब, थरथरता सूर ऐकू आला.

"पाहा," मुद्देसाहेब कडाडले, "वरचा क्लास पुन्हा सुरू झाला! याचीही नोंद घ्या."

"क्लासवाल्या बाई तर तुमच्या खोलीत बसल्यात," सचिव म्हणाले.

मुद्देसाहेबांचा हात ओट्यावर तसाच राहिला. मग ते धावले.

दार ढकलले तेव्हा पडद्यावर केवळ काळोख होता आणि त्यावर लहान, पांढरी अक्षरे वर सरकत होती. काकूंचा रुमाल डोळ्यांना लागला होता, आणि या खेपेस तो खरोखर ओला होता.

"कोणी लावला?" त्यांचा आवाज चिरकला. "माझ्याशिवाय कोणी लावला?"

"अध्यक्षमहाराज," हेडसर हळूच म्हणाले, "सभा चालू असेपर्यंत चित्रपट बंद, असा आपला हुकूम होता. आपणच सभा तहकूब केलीत."

मुद्देसाहेबांनी दाराची चौकट धरली. कान झाकून घ्यावेत, सर्वांना बाहेर काढावे, मघाच्या जागेवरून चित्रपट पुन्हा लावावा, असे त्यांच्या मनात आले. परंतु तोंड उघडण्यापूर्वीच सारी खोली एका सुरात बोलली.

"लिफ्टमन निघाला हो! तुम्ही म्हणालात तोच!"

डॉक्टरांनी त्यांचा हात हातात घेतला. "मानलं तुम्हाला. दाढेवरून मी फसलो." क्लासवाल्या बाईंनीही मान डोलावली. सचिवांनी मात्र स्पष्ट केले की, चित्रपटात काहीही घडले असले तरी सभेचा ठराव विधवेविरुद्ध झालेला आहे आणि तो बदलायचा तर रीतसर सूचना देऊन पुन्हा सभा बोलवावी लागेल. काकू म्हणाल्या, बिचारीला सोडा आता. या मुद्द्यावर वाद घालत मंडळी पायताणे शोधू लागली, आणि जिन्यातून तो वाद उतरत उतरत शेवटी ऐकू येईनासा झाला.

खोलीत दोघेच उरली. मुद्देसाहेब बाकावर बसले. ते जिंकले होते. सर्वांदेखत, साक्षीदारांसह, निर्विवाद. तरी त्यांना असे वाटत होते की तराजूच्या एका पारड्यात काहीतरी टाकायचे राहून गेले आहे. शेवट त्यांना आज पुन्हा कोणीतरी सांगितलाच होता.

"तू ओळखला नाहीस?" त्यांनी विचारले. "खरं सांग."

"नाही."

"अगदीच नाही?"

"मी ओळखायच्या भानगडीत पडलेच नाही," पत्नी म्हणाली. ती अजून त्या काळ्या पडद्याकडेच पाहत होती. "शेवटी तो एकटाच असतो लिफ्टमध्ये. लिफ्ट खाली खाली जात असते, आणि प्रत्येक मजला आला की उजेडाची एक पट्टी त्याच्या तोंडावरून वर सरकते. एका पट्टीत वाटतं, हा रडतोय. दुसरीत वाटतं, छे, हसतोय. आणि मग मजलेच संपतात."

मुद्देसाहेबांनी अंगठ्याचे फडके सोडून पुन्हा बांधले. त्यांच्यापाशी मुद्दा नव्हता.

"फार चांगला चित्रपट होता हो," पत्नी म्हणाली. "तुम्ही पाहायला हवा होता."